शेंदराची हद्द

मी एका गावाला सात देवी दिल्या, ही गोष्ट आमच्या घरी अजून कुणाला माहीत नाही. आम्ही बौद्ध. नाशिकच्या आमच्या कॉलनीतल्या घरात माझ्या जन्मापासून शेंदराची पुडी आलेली नाही. आईला कळलं तर ती दोन दिवस बोलणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी जे बोलेल ते ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून इथे लिहून टाकतो. आई चष्म्याशिवाय वाचत नाही आणि चष्मा तिला कधी सापडत नाही.

मी ग्रामसेवक. सरकारने मध्यंतरी आमच्या पदाचं नाव बदलून चांगलं भारदस्त केलं, पण गावात आम्हाला पूर्वीही भाऊसाहेब म्हणत आणि आताही म्हणतात. सटाण्यात खोली घेऊन राहायचो आणि तिथून रोज मोटारसायकलने गावात जायचो. गावाला एक टेकडी, टेकडीला एक दगडखाण, खाणीच्या पायथ्याशी एक खडीचं क्रशर. खाण तशी लहानच. दोन ट्रॅक्टर, एक डंपर, वीस-पंचवीस माणसं. सकाळी अकराला सुरुंग उडायचा आणि शाळेतली पोरं त्यावर घड्याळ लावायची.

मग वरून पत्र आलं. लहान खाणींचं नियमन यापुढे सर्व संबंधितांच्या सहकार्यातून करायचं, त्यासाठी गावोगाव समन्वय समिती नेमायची. अध्यक्ष जिल्ह्याच्या कार्यालयातले साहेब, सचिव मी. बाकी सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, खाणमालक आणि एक वाहतूकदार. खाणमालकांना सगळे शेठ म्हणायचे. वाहतूकदार म्हणजे शेठचे मेहुणे, त्यामुळे त्या दोघांत सहकार्य आधीपासूनच होतं. राहिल्या तीन जागा: एक कामगार प्रतिनिधी, एक बाधित शेतकरी प्रतिनिधी, एक महिला प्रतिनिधी.

या तीन जागांनी माझ्या नाकी नऊ आणले. खाणीवरचे कामगार बाहेरून आलेले, पालांत राहणारे. आज इथे, उद्या मनमाडकडे. रेशनकार्ड गावातलं असलेली कामगार एकच होती, खडी फोडणारी एक मावशी. बाधित शेतकरी शोधायला गेलो तर टेकडीला लागून वीस गुंठे जमीन होती, ती त्याच मावशीची. महिला म्हणून कुणाला बोलवावं तर बायका कांद्याच्या कामाला गेलेल्या. सकाळी अकरा वाजता समितीत बसायला रिकामी कोण असणार? मावशी दोन कारणांनी येणारच होती, तिला तिसरं कारण दिलं. पत्रात कुठेही लिहिलं नव्हतं की तीन जागांवर तीन वेगळी माणसं हवीत. मी दोनदा वाचून पाहिलं.

अशी आमची नऊ जणांची समिती सात माणसांत उभी राहिली.

दर बैठकीचा फोटो वर पाठवायचा असे. त्यात नऊ खुर्च्या दिसल्या पाहिजेत आणि भरलेल्या दिसल्या पाहिजेत. मावशीच्या वाट्याला तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. मधल्या खुर्चीवर ती बसायची, डाव्या खुर्चीवर तिचं घमेलं आणि हातोडी, उजव्या खुर्चीवर पाण्याची कळशी. प्रोसिडिंगच्या वहीत ती तीन वेळा अंगठा उठवायची आणि प्रत्येक वेळी पदराला बोट पुसायची. सहीच्या वेळी ती तिघी असायची. बोलायच्या वेळी तिला कुणी एकदाही विचारत नसे.

कळशीतलं पाणी मात्र सगळे प्यायचे. ग्रामपंचायतीच्या टाकीच्या पाण्याला गंजाचा वास यायचा. मावशीच्या विहिरीचं पाणी गोड होतं, खरोखर गोड, आणि उन्हाळ्यात गार. ही विहीर तिच्या मालकाने, म्हणजे नवऱ्याने, दोन उन्हाळे स्वतः खणली होती. दिवसभर तो खाणीत दगड फोडायचा आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा दगडच फोडायचा. विहिरीला पाणी लागलं आणि चार वर्षांनी तो गेला. साहेब आले की खुर्चीवर बसायच्या आधी म्हणायचे, "मावशी, तुमचं पाणी द्या बरं." त्या पाण्यासाठी साहेब एकही बैठक चुकवत नसत, अशी माझी पक्की खात्री आहे.

पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न हद्दीचा. खाण कुठपर्यंत खणायची? नकाशा तहसिलीत होता. त्याची प्रत आमच्याकडे यायची होती, ती अजून यायची आहे. मग मोजणीवाले आले, यंत्र लावून त्यांनी टेकडीवर चुन्याची रेघ मारून दिली. रेघ सुरेख होती. पण क्रशरच्या धुळीने ती टेकडी मुळात पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चुनाच दिसायला लागला. मग लाल झेंड्या लावल्या. त्या शेळ्यांनी खाल्ल्या. मग लोखंडी खुंट्या ठोकल्या. आठवड्यात त्या मालेगावच्या भंगारात पोचल्या असाव्यात. कुणी नेल्या ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

मग मुख्याध्यापकांनी सुचवलं, हद्दीचे दगड लावा. ठराव झाला, एकमताने. सात दगड निवडले, ओळीने उभे केले, फोटो काढला. दगडांच्या खाणीत हद्द दाखवायला दगड लावतोय, हे आमच्या नवातल्या, म्हणजे सातातल्या, एकाच्याही डोक्यात आलं नाही. चार दिवसांनी जाऊन बघतो तर दगड गायब. मुकादमाला विचारलं. तो निष्पाप चेहऱ्याने म्हणाला, "भाऊसाहेब, दगड व्हते, मंग क्रशरमंदी टाकले. लय चांगली खडी निघाली." ती खडी गावाच्या नव्या रस्त्यात गेली. म्हणजे गावकरी सटाण्याला जातात ते आमच्या हद्दीवरून जातात.

त्या दिवशीच्या बैठकीत माझं डोकं तापलं होतं. साहेब मला विचारत होते, "सचिव महोदय, हद्द कुठे आहे?" मी कपाळावर हात मारला आणि चिडून म्हणालो, "लावा दगडांना शेंदूर! मग बघू कोण उचलतो."

मी हे रागात बोललो होतो. पण साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग सरपंच हळूच म्हणाले, "लय भारी सुचलं तुम्हाला, भाऊसाहेब." शेठनेही मान डोलावली. ठराव लिहायला मी बसलो. शेंदूर हा शब्द सरकारी वहीत कसा लिहायचा? मी लिहिलं: "हद्दीच्या दगडांना केशरी रंगाचे संरक्षक लेपन करण्यात यावे." आणि मोजणीचा पुन्हा ताप नको म्हणून खाली माझ्या मनाने एक ओळ वाढवली: "लेपन केलेले दगड जेथे असतील तीच खाणीची हद्द समजावी." या ओळीवर मी तेव्हा खूश होतो. सुटसुटीत होती.

शेंदूर आणि तेल सरपंचांनी दिलं. लावायला मावशी. नवे सात दगड मोजणीच्या जुन्या जागेवर, तिच्या विहिरीच्या चांगलं दोनशे फूट अलीकडे उभे राहिले. मावशीने प्रत्येक दगडाला दोन्ही हातांनी शेंदूर चोपडला, हात गवताला पुसले आणि मला म्हणाली, "यासले कोन हात लाई आते, भाऊसाहेब?" त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सात दगड, शेंदूर आणि जवळ विहीर. माझ्या ध्यानात आलं नाही ते गावाच्या लगेच ध्यानात आलं. पाण्याजवळ राहणाऱ्या साती आसरा त्या. दुसऱ्याच दिवशी तिथे हिरव्या बांगड्या दिसल्या, मग हळदकुंकू, मग नारळाची टरफलं. महिन्याभरात एक नवस फेडला गेला. दगड आमच्या ठरावाने बसवलेत, हे लोकांना सांगितलं तर ते म्हणायचे, ठराव तुम्हाला सुचवला कुणी?

आणि हद्द पाळली जाऊ लागली, हे मला मान्य केलंच पाहिजे. दगडांजवळ आलं की ड्रिल मशीनवाला चपला काढायचा. सुरुंगवाला आधी उदबत्ती लावायचा आणि मग वात. ज्या रेषेला यंत्र, चुना, लोखंड आणि कायदा यांपैकी कशानेच राखलं नव्हतं, ती रेषा शंभर ग्रॅम शेंदराने राखली. साहेब भारावले. लोकसहभागाचा नमुना म्हणून आमच्या गावाचे फोटो त्यांनी वर पाठवले, दोन तालुक्यांतले ग्रामसेवक आमच्याकडे शिकायला आले. मी त्यांना टेकडीवर नेऊन केशरी संरक्षक लेपन दाखवलं. एकाने वहीत लिहून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तेल कोणतं वापरलंत?"

माझं कौतुक झालं आणि मला ते आवडलं. साहेब म्हणाले होते, तुमच्या नाशिकजवळच्या बदलीचं मी बघतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी गप्प का बसलो ते त्याशिवाय कळणार नाही.

अडचण अशी झाली की हद्दीच्या आतला चांगला दगड संपत आला. काळा, टणक, ज्याला बाजारात मान आहे असा दगड आता शेंदराच्या दगडांच्या पलीकडे होता, मावशीच्या बाजूला. शेठ काही दांडगाईचा माणूस नव्हता. आवाज चढवत नसे, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. हद्द मोडायचा विचारही त्याने केला नाही. त्याने रीतसर अर्ज दिला. बैठकीच्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय माझ्याच हाताने लिहिलेला आहे: "खाणमालक यांना पडलेल्या स्वप्नाबाबत."

शेठ हात जोडून उभा राहिला. "साहेब, तीन रात्री झाल्या, आसरा स्वप्नात येतात. म्हणतात, आमच्या अंगावर क्रशरची धूळ उडते, आम्हाला इथून हलव. माझ्याने बघवत नाही साहेब. ओटा मी बांधून देतो, टाइल्स लावतो, वर पत्र्याचं शेड. जागाही त्यांनीच दाखवली."

जागा मावशीच्या विहिरीच्या पलीकडे होती, ओहोळाच्या काठाला. तिथे देवी बसल्या की विहीर हद्दीच्या आत, खाणीत. ओळ माझीच होती, लेपन केलेले दगड जेथे असतील तीच हद्द. शेठने ती पाठ केली होती.

सरपंच म्हणाले, देवीच्या मनात असेल तर आपण कोण? मुख्याध्यापक म्हणाले, शाळेची मुलं लेझीम खेळतील. वाहतूकदार मेहुणे म्हणाले, दगड उचलायला डंपर माझा. मी इतिवृत्तात लिहिलं: "स्वप्नाची नोंद घेण्यात आली." आणि पेन खाली ठेवलं. दगड म्हणजे हद्द नाही, हद्द तहसिलीतल्या नकाशात आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. एक वाक्य. मी मूग गिळून बसलो.

तेव्हा मावशी बोलली. इतक्या बैठकांत पहिल्यांदा. "देव चालनात, मंग मनी इहीर कोठे जाई?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शेठ मवाळपणे म्हणाला, "मावशी, विहिरीला कोणी हात लावणार नाही. शब्द आहे माझा."

साहेबांना मालेगावला दुसरी बैठक होती. घड्याळ बघत ते म्हणाले, "आपण रीतसर घेऊ. मावशी, कामगार प्रतिनिधी म्हणून तुमचं म्हणणं काय?"

"काम पायजे," मावशी म्हणाली. खाण बंद पडली तर ती बसून राहणार होती, हे खरंच होतं.

"बरं. बाधित शेतकरी म्हणून?"

"इहीर पायजे. मना मालकनी खंदेल शे."

"आणि महिला म्हणून?"

मावशी आपल्या तिन्ही खुर्च्यांकडे बघायला लागली. ती महिला म्हणून वेगळी कधी बसलीच नव्हती.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. अगदी गंभीर चेहऱ्याने, तिला मदत करावी अशा सुरात ते म्हणाले, "हे बघा, तुमच्या तिघींतच मतभेद आहेत. तुम्ही आधी आपसात एकमत करून या. आम्ही थांबतो."

आणि आम्ही खरंच थांबलो. मावशी बाहेर जाऊन निंबाखाली बसली. खिडकीतून मला ती दिसत होती. हाताने मातीत काहीतरी करत होती, मधेच थांबून टेकडीकडे बघत होती. आत सहा पुरुष कळशीतलं पाणी पीत तिच्या निर्णयाची वाट बघत होते. कुणाला हसू आलं नाही. मलाही आलं नाही, आणि त्याचीच आता मला लाज वाटते.

दहा मिनिटांनी ती आत आली. "ठरी गयं," म्हणाली. काम हवं म्हणणारीचं पोट, आणि देवीच्या पुढे बोलू नये म्हणणारी बाई, या दोघी एका बाजूला झाल्या होत्या. शेतकरीण एकटी पडली. मावशीने तीन अंगठे उठवले. तिसरा नीट उमटला नाही, म्हणून मी तिचं बोट धरून पुन्हा दाबलं.

मिरवणूक झोकात झाली. बँड होता, लेझीम होतं, शेठने खाणीला सुट्टी दिली होती. निघण्याआधी देवींना अंघोळ घालायची, तर पाणी कुणाचं? मावशीने कळशी भरून आणली आणि सातही दगड धुतले. मग सात जणांनी सात दगड उचलले, सातवा माणूस कमी पडला म्हणून एक माझ्या हातात आला. कोऱ्या टॉवेलवर शेंदराचा गोळा घेऊन मी बँडमागून चाललो, आणि विहिरीवरून पुढे गेलो. तो टॉवेल मी घरी नेला नाही. ओट्यावर निळ्या टाइल्स होत्या, आपल्याकडे न्हाणीघरात लावतात तशा. त्यावर देवी बसल्या आणि सगळ्यांनी वरण-बट्टी खाल्ली. मावशीने वाढलं.

विहिरीला कुणीही हात लावला नाही. शेठ आजही शपथेवर सांगेल आणि ते खरं आहे. सुरुंग चाळीस फुटांवर उडत होते. आधी पाणी गढूळ झालं. मग बादली तळाला आपटायला लागली. तिसऱ्या आठवड्यात दोर आणि चिखल एवढंच वर आलं. झऱ्याने दुसरी वाट धरली होती.

मावशी कार्यालयात आली तेव्हा मी एकटाच होतो. तिने काही आरडाओरडा केला नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिने वहीकडे बोट दाखवलं. "भाऊसाहेब, शेतकरीना अंगठा काढी टाका."

"म्हणजे काय, मावशी?"

"आते मी दोनच शे."

तिच्या वीस गुंठ्यांतला कांदा वाळून गेला होता. विहीर नाही, शेत नाही, मग ती खुर्ची कशाला अडवायची, असं तिचं सरळ म्हणणं होतं. मी तिला बसा म्हणालो, चहा मागवतो म्हणालो. ती उभीच राहिली. तिला काम संपवून खाणीवर जायचं होतं, जेवणाची सुट्टी अर्धा तासच होती. मी राजीनामा लिहून घेतला. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना असतो, तो रिकामा सोडता येत नाही. मी लिहिलं: "बाधा पूर्ण झाली." तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बराबर शे.

पुढच्या बैठकीला फोटोसाठी नऊ खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीवर मावशी, डाव्या खुर्चीवर घमेलं आणि हातोडी. उजवी खुर्ची रिकामी. साहेब उन्हातून आले, घाम पुसत बसले आणि सवयीने म्हणाले, "मावशी, तुमचं पाणी द्या बरं."

मावशी म्हणाली, "पाणी नई शे, साहेब."

"का हो? आज विसरलात?"

सरपंच छताकडे बघत होते. शेठने लगबगीने गाडीतून बाटल्यांचं खोकं आणायला माणूस पाठवला. साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी वही उघडली आणि विषय क्रमांक एकच्याही आधी, वरच्या समासात लिहिलं: "सभेत पिण्याचे पाणी उपलब्ध नव्हते."

साहेबांनी वाकून वाचलं. "हे कशाला लिहिता?"

मी म्हणालो, "एकमताने झालंय ना साहेब."

माझी नाशिकजवळची बदली त्यानंतर झाली नाही.